ट्रॉम्बेचें अणुसंशोधन केंद्र व जुन्या कागदांचा संग्राहक

(१)

दानपत्रें, महजर, करीने व शकावल्या यांस वाहिलेल्या त्रैमासिकांत अणुसंशोधनाचा विषय पाहून तो अस्थानीं आला असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. युरेनियम व अणुभट्टी यांचा आणि आमच्या रुमालांचा संबंध काय, असा पूर्वपक्ष कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, हा संबंध तिहेरी आहे. ज्या संस्थेनें गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत महाराष्ट्राच्या भूमीवर एवढा व्याप उभा केला, ती आतां स्वतःच इतिहासाचा विषय झाली आहे, हा पहिला. ज्या विद्येसाठीं ती निघाली, त्याच विद्येनें आपल्या हातीं कालनिर्णयाचें एक नवें साधन दिलें, हा दुसरा. आणि आपल्या दप्तरांस लागणारी कसर व बुरशी मारण्याचा एक उपाय तिच्याच कारखान्यांत आहे, हा तिसरा.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य मात्र एकच आहे. सरकारी खजिन्यावर चालणाऱ्या विद्येचा लोकांस उपयोग किती, हें तिच्या यंत्रांच्या भव्यतेवरून ठरत नाहीं. ती संस्था काय छापते, त्यांतील अनिश्चितता स्वतः सांगते कीं नाहीं, आणि तें सर्व परक्याच्या परीक्षेस ठेवते कीं नाहीं, यावरून तें ठरतें. कोणताही कागद अस्सल मानण्यापूर्वीं आपण त्यास हीच कसोटी लावतों. तीच येथें लावून पाहावयाची आहे.

(२)

प्रथम शब्दाविषयीं. वैशेषिक दर्शनांत परमाणु म्हणजे ज्याचे आणखी अवयव होत नाहींत असा नित्य कण. दोन परमाणूंचें द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें त्र्यणुक, आणि उन्हाच्या कवडशांत जो सूक्ष्म रजःकण तरंगतांना दिसतो तेंच हें त्र्यणुक, अशी ती प्रक्रिया आहे. शाळेंत तर्कसंग्रह शिकविलेल्या कोणासही ती ठाऊक असते. आधुनिक शास्त्रांतील अणु याहून निराळा आहे. तो सावयव आहे, आणि त्याचें केंद्र फुटतें. युरेनियमचें केंद्र फुटतें याचा पुरावा बर्लिन येथें हान व स्ट्रासमन यांस १९३८ च्या अखेरीस मिळाला. कणादाचा सिद्धांत तर्काचा आहे व त्या दृष्टीनें तो थोर आहे. परंतु नामसाम्यावरून वस्तुसाम्य मानून आपल्या पूर्वजांस अणुभट्टी ठाऊक होती असें म्हणणें, हें गांवाच्या नांवावरून ताम्रपट रचण्यासारखें होय.

याच संदर्भांत संग्राहकांस एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मराठींत ज्यास अणु म्हणतात त्यास हिंदींत परमाणु म्हणतात. आणि मराठींतील रेणूस हिंदींत अणु म्हणतात. म्हणून मराठी कागदांतील 'अणुऊर्जा विभाग' व हिंदी कागदांतील 'परमाणु ऊर्जा विभाग' हें एकच खातें होय. सूची करणारानें त्यांचीं दोन निराळीं प्रकरणें उघडूं नयेत.

(३)

आतां संस्थेच्या सनदांकडे वळूं. मूळ कागद म्हणजे होमी जहांगीर भाभा यांनीं १२ मार्च १९४४ रोजीं सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांस लिहिलेलें पत्र. मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठीं एक पीठ स्थापावें, अशी त्यांत विनंति होती. त्यांतून १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. तिचा आरंभ बंगलोरास झाला व त्याच वर्षीं ती मुंबईस आली. पुढें स्वतंत्र हिंदुस्थानांत १९४८ सालीं अणुऊर्जेचा कायदा झाला, आणि १० ऑगस्ट १९४८ रोजीं भाभा, शांतिस्वरूप भटनागर व कृष्णन या तिघांचा अणुऊर्जा आयोग नेमला गेला. ३ जानेवारी १९५४ रोजीं ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेचा निर्णय झाला, व त्याच वर्षाच्या ऑगस्टांत अणुऊर्जा विभाग हें सरकारी खातें निर्माण झालें. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही पहिली भट्टी चालूं झाली. हें नांव पंडित नेहरूंनीं ठेविलें. भाभा २४ जानेवारी १९६६ रोजीं आल्प्स पर्वतांतील विमान-अपघातांत निवर्तले, आणि १९६७ सालीं संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हें नांव मिळालें.

स्थलनामाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. जुन्या मराठी व्यवहारांत ट्रॉम्बे बेटास तुर्भें म्हणत. खाडीपलीकडे नव्या मुंबईंत तुर्भें या नांवाचें दुसरें ठिकाण आहे. दोहोंचा घोटाळा होऊं नये म्हणून या लेखांत ट्रॉम्बे हेंच रूप घेतलें आहे.

या सनदांत गुप्ततेचें कलम पहिल्यापासूनच आहे, ही गोष्ट इतिहासकारानें डोळ्याआड करूं नये. १९४८ चा कायदा घटनासमितीपुढें आला तेव्हां म्हैसूरचे सभासद कृष्णमूर्ति राव यांनीं असा आक्षेप घेतला कीं, इंग्लंडांत गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती असतां आपल्याकडे ती शांततेच्या संशोधनासही कां लावावी? नेहरूंचें उत्तर, दोहोंमधील भेद कसा करावा हें आपणांस समजत नाहीं, अशा आशयाचें होतें. पुढील घटनांनीं तो भेद किती अवघड होता हें दाखविलें. १९६० सालीं चालूं झालेल्या 'सायरस' भट्टींतून रोगचिकित्सेस व उद्योगास लागणारे किरणोत्सारी पदार्थ निघत, आणि १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें जो स्फोट झाला त्याचें प्लुटोनियमही तिचेंच होतें. १९६२ च्या कायद्यानेंही माहितीच्या प्रसिद्धीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारकडे ठेविला. म्हणजे या दप्तराचा एक भाग मोहोरबंद व दुसरा खुला, अशी मुळापासून रचना आहे. आपणांस ज्याची परीक्षा करतां येते तो खुला भाग. म्हणून यापुढें त्याचाच विचार करूं.

(४)

निरवांगी हें इंदापूर तालुक्यांतील नीरेच्या खोऱ्यांतलें गांव. येथील शेतकऱ्यास अणुभट्टी पाहण्याचें कांहीं कारण पडत नाहीं. तथापि आप्तास कर्करोग झाला म्हणजे 'टाटा'त न्यावें, हें खेड्यापाड्यांतही सर्वांस ठाऊक असतें. परळचें तें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं निघालें व १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आलें, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

दुसरा खुला भाग बियाण्यांचा. त्यांचीं नांवें हस्तलिखितांच्या पुष्पिकेप्रमाणें वाचावीं, म्हणजे त्यांत स्थळ व कर्तृत्व दोन्ही सांपडतात. १९८५ सालीं प्रसृत झालेला 'टीएयू-१' म्हणजे ट्रॉम्बे, अकोला व उडीद या इंग्रजी आद्याक्षरांचा समुच्चय. 'टीएटी-१०' मध्यें उडिदाच्या जागीं तूर आहे. १९९१ चा 'टीएजी-२४' हा ट्रॉम्बे व अकोला यांचा भुईमूग, आणि 'टीपीजी-४१' मधील मधलें अक्षर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें. नांवांतच दोन संस्थांचा जोड-उल्लेख असल्यानें श्रेय कोणाचें हा वाद उरत नाहीं. रीत अशी कीं, बियाण्यांवर किरण सोडले म्हणजे त्यांच्या आनुवंशिक द्रव्यांत फेरफार होतात. बहुतेक फेरफार निरुपयोगी असतात. त्यांतून एखादें उपयुक्त रोप पिढ्यानुपिढ्या निवडून व संकर करून वाण स्थिर करावें लागतें. बियाणें स्वतः किरणोत्सारी होत नाहीं.

तिसरा भाग साठवणीचा. लासलगांव येथें २००२ सालीं 'कृषक' नांवाचें केंद्र उघडलें. हें नांवही कृषि उत्पादन संरक्षण केंद्र या शब्दांचें संक्षिप्त रूप आहे. कांद्यास कोंब फुटूं नये म्हणून कोबाल्ट-६० च्या किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा पुरते. २००७ सालीं येथूनच किरणप्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेस गेला. किती मात्रा, कोणत्या मालास व कशासाठीं, हें सर्व ज्या अर्थीं छापील नियमांत आहे, त्या अर्थीं ग्राहकास त्याचा जाब विचारतां येतो.

खुल्या भागाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तारापूरची वीज १९६९ पासून मिळूं लागली, आणि तेथील तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांसाठीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांस उठावें लागलें. लोकोपयोग म्हणतांना त्या लोकांत हीं गांवेंही मोजलीं पाहिजेत.

(५)

आतां कालनिर्णय. वातावरणांत विश्वकिरणांमुळें किरणोत्सारी कार्बन-१४ सतत तयार होतो, व तो वनस्पतींत आणि त्यांच्या द्वारा प्राण्यांत शिरतो. जीव मेला कीं नवी भर थांबते, आणि असलेला सांठा दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. उरलेला अंश मोजला कीं मृत्यूचा काळ निघतो. विलर्ड लिबी यांनीं १९४९ सालीं ही रीत सिद्ध केली व १९६० सालीं त्यांस तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

हिंदुस्थानांत हें काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हातीं घेतलें. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, धर्मपाल अग्रवाल हीं नांवें या प्रकरणीं स्मरणीय आहेत. उत्खननांच्या अहवालांत कालनिर्देशापुढें 'टीएफ' अशीं अक्षरें दिसतात तीं या प्रयोगशाळेचीं. १९७० च्या दशकांत हें काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेंत गेलें, आणि 'पीआरएल' हीं अक्षरें सुरू झालीं.

याचें फळ पुणें जिल्ह्याच्याच पदरांत पडलें. शिरूर तालुक्यांत घोडनदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. संकलिया, ढवळीकर व अन्सारी यांचें तें कार्य सुप्रसिद्ध आहे. त्याच्या कित्येक वर्षें आधीं जोर्वें, नेवासें येथें अशींच रंगीत मातीचीं भांडीं मिळालीं होतीं. परंतु नाणें नाहीं, लेख नाहीं, मग काळ ठरवावा कसा? भांड्यांचें परदेशी भांड्यांशीं साम्य पाहून अदमास करणें एवढाच मार्ग होता. कार्बन-१४ नें इनामगांवच्या वस्तीचे तीन थर काळांत बसविले: माळवा संस्कृति इ. स. पूर्व सुमारें १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, आणि उत्तर जोर्वे १००० ते ७००. घोडनदी भीमेस मिळते, भीमा इंदापूर तालुक्याच्या कडेनें जाते, आणि नरसिंहपुरास नीरेचा व तिचा संगम होतो. या नदीकांठांवर तीन हजार वर्षांपूर्वीं जव पिकविणारे लोक नांदत होते, हें आतां दंतकथेवर अवलंबून राहिलेलें नाहीं.

या गणनेचाही एक शकारंभ आहे. तींत 'वर्तमान' म्हणजे इ. स. १९५० असें धरतात व तेथून मागें वर्षें मोजतात. तसेंच जुन्या याद्यांत अर्धायुष्य कोठें ५,५६८ व कोठें ५,७३० वर्षें धरलेलें असतें. पहिल्या मानानें ३,००० वर्षें आलीं तर दुसऱ्या मानानें तीं सुमारें ३,०९० होतात. शिवाय वातावरणांतील कार्बन-१४ सर्व काळीं सारखा नसल्यानें वृक्षवलयांच्या आधारें या आंकड्यांचें शोधन करावें लागतें. शालिवाहन शकांत ७८ मिळविल्यावांचून इसवी सन लिहिणारा जशी चूक करतो, तशीच हीं मानें न पाहतां जुना आंकडा उचलणारा करतो. परंतु छापील यादींत नमुन्याचा क्रमांक, द्रव्य, अर्धायुष्य व अधिक-उणें वर्षें हीं सर्व दिलेलीं असल्यामुळें चाळीस वर्षांनीं दुसऱ्यास तो आंकडा पुन्हां शोधून घेतां येतो. प्रस्तुत लेखाच्या आरंभीं जी कसोटी सांगितली ती येथें पुरी उतरते.

(६)

मग हेंच साधन आपल्या पोथ्यांस कां लावूं नये? येथें संग्राहकांची निराशा होण्याचा संभव आहे. तथापि सत्य सांगितलें पाहिजे. इ. स. सुमारें १६५० ते १९५० या तीन शतकांत सूर्याच्या फेरबदलांमुळें व पुढें कोळशाच्या धुरामुळें शोधनाची रेषा इतकी वळणावळणाची झाली आहे कीं, एकाच मोजणीस दोन-तीन निरनिराळे काळ जुळतात. कागद शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळचा, कीं सवाई माधवरावांच्या, कीं इंग्रजी अमलांतला, याचा निवाडा ती बहुधा करूं शकत नाहीं. तेथें अक्षराचें वळण, शिक्के, मायने, तिथि-वार यांचा मेळ, हींच साधनें अद्यापि श्रेष्ठ आहेत. यादवकालीन ताडपत्र किंवा त्याहून जुनी वस्तु असेल तर मात्र मोजणी उपयोगी पडते.

एका बाबतींत हें शास्त्र आपल्या फार कामाचें आहे. १९५० नंतरच्या दशकांत वातावरणांत जे अणुबॉम्बचे प्रयोग झाले, त्यांमुळें १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेंतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर वाढलेल्या झाडाच्या तंतूंत ही खूण उमटलेली असते. म्हणून नव्या कागदावर चहाचें पाणी लावून केलेलें 'शिवकालीन' पत्र या मोजणींत तत्काळ उघडें पडतें. याउलट जुन्या वहींतील कोरें पान फाडून त्यावर लिहिलेलें बनावट पत्र यांतून सुटतें. कारण मोजणी तंतूची होते, लेखनाची नव्हे. जुन्नरी कागदासारखा हातकागद जुन्या चिंध्या व दोरखंडांपासून होई. म्हणजे तंतु स्वतःच लेखनाहून कांहीं वर्षें जुना असणार, हेंही ध्यानांत ठेवावें.

पूर्वीं एका मोजणीस पुष्कळ द्रव्य जाळावें लागे. आतां त्वरित्र-यंत्रावर कांहीं मिलिग्रॅम पुरतात, व अशीं यंत्रें दिल्ली, अहमदाबाद, भुवनेश्वर येथें आहेत. तथापि कोऱ्या समासाचा तुकडाही परत येत नाहीं. छायाचित्र घेतल्याशिवाय व मालकाची लेखी संमति असल्याशिवाय तो काढूं नये.

(७)

तिसरा प्रश्न कसरीचा. ट्रॉम्बे येथें १९७४ सालीं 'आयसोमेड' नांवाचा कारखाना निघाला. तेथें मलमपट्ट्या, शिवणीचे धागे इत्यादि वैद्यकीय वस्तु गॅमा-किरणांनीं निर्जंतुक होऊं लागल्या. फ्रान्समध्यें हीच युक्ति प्राचीन वस्तूंस लावली गेली. मिसरचा राजा दुसरा रामसेस याच्या देहास बुरशी लागल्याचें आढळल्यावर १९७७ सालीं तेथील अणुऊर्जा खात्यानें त्यावर कोबाल्ट-६० चे किरण सोडले. तर मग आमचे रुमाल तसेच कां पाठवूं नयेत, असें एखादा उत्साही संग्राहक विचारील.

या उपायाचे गुण खरे आहेत. किरण बांधलेल्या गठ्ठ्याच्या आंतपर्यंत जातात, पानें सोडवावीं लागत नाहींत, आणि विषारी धुरीप्रमाणें मागें कांहीं अवशेष राहत नाहीं. परंतु दोषही तितकेच खरे आहेत. गॅमा-किरण कागदाच्या तंतूंची सांखळी तोडतात. कीटक व त्यांचीं अंडीं मारण्यास सुमारें १ ते २ किलोग्रे पुरतात. बुरशीस त्याच्या अनेक पट मात्रा लागते. आणि वैद्यकीय वस्तूंस २५ किलोग्रे देतात. या शेवटच्या मात्रेंत आपला कागद जाणें म्हणजे रोग्याबरोबर रोगास मारणें होय. प्रत्येक खेपेची हानि मागच्या हानींत मिळते. आणि मुख्य म्हणजे या उपायानें पुढील संरक्षण कांहींच मिळत नाहीं. दमट कोठडींत परत ठेविलेला गठ्ठा पुन्हां कसरीचें घर होतो.

म्हणून आमचें मत असें. ज्या बाडास कोरडी जागा, झटकणें, नवा रुमाल व प्राणवायु काढून घेतलेली पिशवी यांनीं गुण येतो, त्यास किरणांकडे नेऊं नये. जें बाड अन्यथा जाळावेंच लागणार, त्यासच, नक्कल व छायाचित्रें आधीं करून, एकदांच व शक्य तितक्या अल्प मात्रेनें तें न्यावें; आणि मात्रा व दिनांक बाडावर लिहून ठेवावे. उत्खननांतील मातीचीं भांडीं व विटा मात्र किरणांखालीं कधींही ठेवूं नयेत. त्यांचा काळ तप्तदीप्तीच्या रीतीनें, म्हणजे त्यांत सांठलेली किरणमात्रा मोजून, काढतां येतो. वरून किरण सोडले कीं तो पुरावा कायमचा पुसला जातो.

(८)

शेवटीं मंडळाच्या सभासदांपुढें तीन सूचना ठेवतों.

पहिली, या त्रैमासिकांत कोणताही कार्बन-कालनिर्देश छापतांना प्रयोगशाळेचा क्रमांक, द्रव्य, अर्धायुष्य, अधिक-उणें वर्षें, आणि शोधन झालें आहे कीं नाहीं, हीं पांच अंगें दिल्याशिवाय तो स्वीकारूं नये. आपण पुष्पिका अर्धी छापीत नाहीं, तसाच हा नियम असावा.

दुसरी, खाजगी संग्रहांत किरणांचा किंवा मोजणीचा उपाय ज्यांनीं केला असेल, त्यांनीं त्याची नोंद मंडळाकडे धाडावी. फळ आलें असो वा नसो.

तिसरी सूचना सर्वांत निकडीची आहे. आपले संग्राहक टंकलिखित कागद 'नवा' म्हणून रद्दींत घालतात. परंतु उडदाच्या वाणाचें पहिलें प्रसिद्धिपत्रक, उत्खनन-अधिकाऱ्यानें प्रयोगशाळेस लिहिलेलें पत्र, पोफरण-अक्करपट्टीच्या भूसंपादनाच्या नोटिसा व ग्रामस्थांचे अर्ज, हे कागद आतां दुर्मिळ होत चालले आहेत. निळी शाई उडते, आणि स्वस्त छापील कागद जुन्नरीच्या निम्मीही वर्षें टिकत नाहीं. मोहोरबंद दप्तर केव्हां उघडेल तें सरकारच्या हातीं आहे. खुलें दप्तर मात्र घरोघरच्या ट्रंकांत विखुरलेलें आहे, व तें राखणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. ज्या सभासदांजवळ असे कागद असतील, त्यांनीं त्यांची यादी करावी व नक्कल मंडळाच्या दप्तरांत दाखल करावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.